खोली नव्हे, पंगत

मूर्तिजापूरच्या फलाटावर उभे राहिले की आपण वऱ्हाडातील दोन मोठ्या शहरांच्या जवळजवळ मधोमध आहोत, हे ध्यानात येते. मुंबई–हावडा लोहमार्गावर पश्चिमेस अकोला, पूर्वेस बडनेरा. दोन्हीकडे सुमारे चाळीस किलोमीटर. बडनेऱ्याहून पुढे दहा किलोमीटरवर अमरावती. मोठ्या रुळांच्या बाजूला गवतात अर्धे बुडालेले अरुंद रूळ दिसतात. ते शकुंतलेचे. त्यांचा एक फाटा अचलपूरकडे जाई आणि दुसरा कारंज्यावरून यवतमाळकडे. एके काळी कापसाच्या गाठी वाहणारी ती गाडी आता धावत नाही. तरीही कारंज्याला जायचे म्हटले की गावातील जुन्या माणसांचे डोळे अजून त्याच रुळांकडे वळतात.

दरवर्षी मृगाच्या पावसाबरोबर या फलाटावर एक वेगळी गर्दी दिसू लागते. हातात प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि अर्धा डझन फोटो. शेजारी आई किंवा बाबा. शेतात कपाशीची लावण सुरू असते आणि घरात पोराच्या कॉलेजची चिंता. कोणता अभ्यासक्रम, कोणते महाविद्यालय, याची चर्चा बारावीच्या आधीपासून झालेली असते. राहायचे कुठे, हा प्रश्न मात्र प्रवेश निश्चित झाल्यावर शेवटच्या आठवड्यात घाईघाईने सोडवला जातो. एक खोली, एक खाट, एक मेस, एवढ्यावर तो मिटतो. वास्तविक सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या वर्षाचे बरेवाईट पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

मूर्तिजापुरातील एका जैन कुटुंबाने मात्र यंदा हा प्रश्न आधी हाती घेतला. वडिलांचे बी-बियाण्यांचे आणि खतांचे छोटे दुकान. मुलगी बारावी विज्ञान शाखेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. अकोल्याला कृषी पदवी किंवा अमरावतीला विज्ञानाची पदवी. दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळण्याजोगे गुण होते. आईची अट एकच होती: संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी झाले पाहिजे आणि कंदमुळे ताटात येता कामा नयेत. वडिलांची चिंता खर्चाची आणि सुरक्षिततेची. आजोबांनी, ज्यांना घरात सारे आबाजी म्हणत, निघतानाच नातीला बजावले, "खोली काय पाहतं? खोली त कुठंबी भेटते. जेवाले कोणासंगं बसा लागते, ते पाहून येजो. पंगत पाहा."

पहिली फेरी अकोल्याची झाली. मोर्णेच्या काठचे, असदगडाच्या जुन्या बुरुजांचे हे शहर कापसाच्या व्यापाराने मोठे झाले. वडिलांच्या दृष्टीने अकोला म्हणजे महाबीज. दुकानातील निम्म्या पिशव्यांवर छापलेल्या या नावाचे मुख्यालय इथलेच. मुलीच्या दृष्टीने अकोला म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या आवारात शिरले की शहराचा गोंगाट मागे पडतो. दोन्ही बाजूंना प्रयोगाची शेते आणि वाफ्यांवर वाणांची नावे लिहिलेल्या पाट्या. मधूनच सायकलवरून किंवा पायी वसतिगृहाकडे निघालेली मुले दिसतात.

कृषी शिक्षणाचा स्वभावच निवासी आहे. रोप सकाळी पाहायचे असते, फवारणी वारा पडलेला असताना करायची असते, आणि एका रात्रीच्या पावसाने वाफ्याचे काय झाले हे दुसऱ्या दिवशी दुपारी बसने येणाऱ्या विद्यार्थ्याला कळत नाही. म्हणून इथे वर्ग, शेत आणि वसतिगृह यांच्यात भिंत राहत नाही. चार वर्षांच्या या पदवीच्या अखेरीस विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात शेतकऱ्यांसोबत काम करावे लागते. म्हणजे एकत्र राहून शिकण्याचा पाठ वसतिगृहात सुरू होतो आणि गावाच्या चावडीवर पुरा होतो. मुलीला हे फार आवडले. पाटीवरचे वाण वाचताना वडीलही क्षणभर दुकानदार न राहता विद्यार्थी झाले. परंतु परतीच्या गाडीत मुलगी शांत होती. तिचा ओढा रसायनशास्त्राकडे होता, शेतीकडे नव्हता. चांगल्या सोबतीसाठी नावडता विषय घेणे म्हणजे पंगतीसाठी उपाशी राहणे, एवढे तिला उमगले. निवासाचा विचार महत्त्वाचा खरा, तथापि तो विषयाच्या निवडीनंतर येतो, आधी नाही.

दुसरी फेरी अमरावतीची. या वेळी बापलेक रस्त्याने निघाले. अमरावती–अकोला महामार्गाचा हा टापू २०२२ च्या जून महिन्यात जगभर गाजला होता. लोणी ते माना या भागात एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत अखंड पूर्ण करून महामार्ग प्राधिकरणाने गिनीज बुकात नोंद केली. पाच दिवसांत रस्ता झाला. पण त्या रस्त्याने शहरात पोचलेले मूल शहरात रुजायला किती दिवस लागतात, याची नोंद कोणतेही बुक ठेवत नाही.

अमरावती हे शिक्षणाचे जुने गाव. १९२३ मध्ये इथे किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून सर्वतोमुखी झाले. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. त्याच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १ मे १९८३ रोजी इथे विद्यापीठ आले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. ज्या संताने गावोगावच्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, त्याचे नाव विद्यार्थ्यांच्या गावाला शोभणारेच आहे. गाडगेनगरात बाबांची समाधी आहे, आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये घराघरांवर पाट्या लटकलेल्या असतात: 'मुलींसाठी रूम भाड्याने देणे आहे.'

अशाच एका खोलीत मूर्तिजापूरचीच, ओळखीच्या घरातील एक मुलगी दोन वर्षांपासून राहत होती. खोली स्वच्छ होती. खिडकीत तुळस, टेबलावर पुस्तके, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी. दोन वेळचा डबा येई. घरमालकीण प्रेमळ होती. कसलीच उणीव नव्हती. मुलीच्या वडिलांना ही जागा पसंत पडली. शेगडी असल्याने सूर्यास्ताचा प्रश्न आपोआप सुटत होता. आईला फोनवर सांगितले, तेव्हा तिकडूनही सुटकेचा निःश्वास ऐकू आला.

वडील खाली घरमालकांशी बोलायला गेले, तेव्हा त्या ताईने हळूच सांगितले, "खोली चांगली आहे गं. पण पहिल्या सेमिस्टरला मी रसायनशास्त्रात नापास झाले, ते महिनाभर कोणालाच माहीत नव्हतं. घरी सांगायची हिंमत नव्हती आणि इथं विचारणारं कोणी नव्हतं. दार लावलं की दिवस संपायचा. दर शनिवारी मी गावाकडे पळायचे. सगळ्यांना वाटायचं, घरची ओढ आहे. खरं तर इथं बोलायला कोणी नव्हतं म्हणून मी जायचे."

या सांगण्यात कोणावरही दोषारोप नव्हता. घरमालकीण चांगली, डबा चांगला, कॉलेज चांगले. सारे चांगले असूनही एक मूल वर्षभर एकटे राहू शकते, हीच त्यातली वेदना होती. पहिल्या वर्षाची खरी अडचण अभ्यासाच्या काठिण्यापेक्षा या एकटेपणात असते. शाळेत ज्याला वर्गात सारे ओळखत, तो दीडशेच्या वर्गात निनावी होतो. न समजलेला भाग विचारायला शेजार नसतो. एक तास चुकतो, मग दुसरा, आणि परीक्षेच्या आधी आठ दिवस ध्यानात येते की हाती काहीच नाही. समान अभ्यास करणारी चार मुले एका छपराखाली असली, तर हे घसरणे निदान कोणाच्या तरी नजरेस पडते.

ही गोष्ट जगाने वेगवेगळ्या ठिकाणी ओळखली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर माइकलजॉन यांनी १९२७ मध्ये एक प्रयोगशील महाविद्यालय सुरू केले. विद्यार्थी एकाच वसतिगृहात राहत, शिक्षकही त्याच इमारतीत भेटत, आणि पहिले वर्षभर सारे मिळून एकाच विषयाचा, प्राचीन अथेन्सच्या संस्कृतीचा, अभ्यास करीत. तो प्रयोग १९३२ मध्ये बंद पडला; परंतु पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहून एकत्र शिकण्याच्या ज्या योजना आज तिकडे अनेक विद्यापीठांत चालतात, त्यांचे मूळ त्या पाच वर्षांत शोधले जाते.

आश्चर्य असे की जवळपास त्याच काळात अमरावतीतही असाच, किंबहुना अधिक कठीण, प्रयोग सुरू झाला होता. पापळ गावात १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्ड इथले शिक्षण संपवून, वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहून आणि बॅरिस्टर होऊन परतले. विद्यार्थी आणि शिक्षक एका आवारात राहून शिकतात, ही ऑक्सफर्डची रीत त्यांनी जवळून पाहिली होती. अमरावतीत त्यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रद्धानंद छात्रालय उघडले. खेड्यांतून येणाऱ्या सर्व जातींच्या मुलांना तिथे प्रवेश होता. ज्या काळात विहिरी वेगळ्या होत्या आणि मंदिरांची दारे अनेकांना बंद होती, त्या काळात एका छपराखाली, एका पंगतीत बसणे हाच मोठा अभ्यासक्रम होता. पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने त्यांचे कार्य वऱ्हाडभर पसरले आणि स्वतंत्र भारताचे कृषिमंत्रिपदही त्यांनी भूषविले. आजही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पात्र विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या राज्य शासनाच्या वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजनेला त्यांचेच नाव आहे. शेतकऱ्याच्या मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या मुक्कामाची सोय हवी, हे त्यांनी ओळखले होते.

जैन समाजाला तर ही दृष्टी त्याहूनही आधी लाभली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी दानवीर माणिकचंद हिराचंद यांनी मुंबईत आणि इतरत्र जैन बोर्डिंगे उभारली. १९१५ मध्ये विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत महावीर जैन विद्यालय सुरू झाले, ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या निवासासाठीच. आणि या साऱ्या मालिकेतील एक दीप मूर्तिजापूरच्या अगदी जवळ, शकुंतलेच्या जुन्या वाटेवर लागला होता.

म्हणून तिसरी फेरी कारंज्याची झाली. या वेळी आबाजीही सोबत होते.

कारंजा लाड पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा झाला आणि ते तिकडे गेले. जैनांच्या दृष्टीने हे गाव म्हणजे एक उघडे ग्रंथालय. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे इथे आहेत आणि त्यांच्या भांडारांत शतकानुशतकांची हस्तलिखिते जपली गेली. याच गावात १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंद यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यात १८९१ साली जन्मलेले हे पदवीधर तरुण पुढे मुनी समंतभद्र म्हणून वंदनीय झाले. १९३४ मध्ये त्यांनी कुंभोजजवळ बाहुबली येथे आश्रम उभारला आणि पुढे वेरूळपर्यंत गुरुकुलांची परंपरा नेली. तिची पहिली पणती मात्र वऱ्हाडच्या काळ्या मातीत पेटली. मुलींच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी कंकुबाई श्राविकाश्रमही याच गावात उभा राहिला.

आश्रमाच्या फाटकाशी आबाजी थांबले. मग ते सांगू लागले. पहाटेची घंटा. थंडीत विहिरीचे पाणी. प्रार्थना, व्यायाम, मग पाठ. मोठ्या मुलाने लहान दोन मुलांचा अभ्यास घ्यायचा, हा नियम. त्या दोघांपैकी एखादा मागे पडला तर आधी मोठ्याला विचारणा. ताटात काही टाकायचे नाही, आणि आपले वाढून झाले की शेजारच्याच्या ताटाकडे पाहायचे. हावरेपणाने नव्हे, त्याला काही कमी पडले का म्हणून. "गणितात मी कच्चा होतो," आबाजी म्हणाले. "पन मले कधी एकटं वाटलं नाही. नापास व्हाले बी तिथं एकटेपना नव्हता."

नातीला गाडगेनगरची ती ताई आठवली.

परंतु आबाजींनी आणखीही एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा स्वर बदलला. आश्रमातून मॅट्रिक होऊन ते अमरावतीला कॉलेजात गेले, तेव्हा पहिले सहा-आठ महिने त्यांना इतर मुलांशी बोलताच येईना. सारे आयुष्य आपल्याच माणसांत गेलेले. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यावे की नाही, मुसलमान मित्राच्या ईदला जावे की नाही, कोणी चेष्टा केली तर रागवावे की हसावे, काहीच समजत नव्हते. "आश्रमानं मले नियम देला. तो नियम लोकाइत राहून पाळाचा कसा, हे मले बाहेर शिका लागलं."

समाजाच्या वसतिगृहांची ही दोन्ही अंगे जुनी आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन कुटुंबातले. कोल्हापूरला ते जैन बोर्डिंगमध्ये राहिले. पण तिथल्या नियमांशी त्यांचे पटले नाही आणि त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला जे वसतिगृह उघडले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू, एकत्र रांधू आणि एकत्र जेवू लागली. भाऊरावांनी बोर्डिंगची कल्पना टाकली नाही. तिचे दार रुंद केले.

दार रुंद झाल्याने घर लहान होते, अशी भीती अनेकांना वाटते. या भीतीला कारंजा आणि अमरावती यांनीच मिळून एक उत्तर दिलेले आहे. किंग एडवर्ड कॉलेजात डॉ. हिरालाल जैन संस्कृतचे प्राध्यापक होते. सरकारी महाविद्यालय, सर्व धर्मांचे विद्यार्थी, सर्व धर्मांचे सहकारी. त्या वातावरणात राहून त्यांनी कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश हस्तलिखिते उजेडात आणली. 'णायकुमारचरिउ', 'करकंडचरिउ' यांसारखे ग्रंथ १९३० च्या दशकात कारंज्याहून त्यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले. १९३९ मध्ये त्यांनी अमरावतीहून षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला भाग प्रकाशित केला आणि पुढील सुमारे वीस वर्षांत त्याचे सोळा भाग पूर्ण झाले. त्या संपादनासाठी ज्या प्रती ताडून पाहिल्या गेल्या, त्यांत एक अमरावतीची होती, एक आऱ्याची आणि एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाची. आश्रमाने ग्रंथ जपला. मोकळ्या विद्यापीठीय जगात वावरलेल्या विद्वानाने तो जगापुढे मांडला. जपणारे घर आणि मांडणारे अंगण, दोन्ही लागली.

कारंज्याहून परतताना आबाजींनी नातीला कोणताही निर्णय सांगितला नाही. मुलीने मात्र वडिलांची दुकानाची वही मागून घेतली आणि मागल्या पानावर प्रश्न लिहिले. चौथ्या फेरीत बापलेक ती वही घेऊन पुन्हा अमरावतीला गेले. या वेळी खोल्या पाहायच्या नव्हत्या. मुलींची वसतिगृहे पाहायची होती.

त्या वहीतले प्रश्न कोणत्याही पालकाने उतरवून घ्यावेत असे आहेत. रेक्टर वसतिगृहातच राहतात की संध्याकाळी घरी जातात? रात्री ताप आला तर दवाखान्यात कोण नेते? एका खोलीत पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर वरच्या वर्गातील कोणी असते का? एकाच विषयाच्या मुली जवळजवळ राहतात का? अभ्यासासाठी वेगळी जागा आणि ठरलेली वेळ आहे का, आणि ती प्रत्यक्षात पाळली जाते का? मेसच्या कामात मुलींचे मत विचारले जाते का? रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा मुली काय करतात? फाटक किती वाजता बंद होते, आणि प्रयोगाला उशीर झाला तर काय? रॅगिंगची तक्रार कोणाकडे करायची? महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याकडून आणि पालकांकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते. ते नुसते सही करून देऊ नये, वाचावे आणि मुलाबरोबर वाचावे. आणि शेवटचा प्रश्न, मुलीने अधोरेखित केलेला: जेवायला कोणाबरोबर बसतात?

पहिल्या वसतिगृहात इमारत नवी होती, पण मुली ताटे घेऊन आपापल्या खोल्यांत जात होत्या. दुसऱ्या ठिकाणी शिस्त कडक होती. प्रश्न विचारताच वही मिटून ठेवायला सांगण्यात आले. तिसरे वसतिगृह जुने होते. भिंतींचा रंग उडालेला, व्हरांड्यात वाळत घातलेले कपडे, न्हाणीघरापुढे रांग. वडिलांच्या कपाळावर आठी पडली. मुलीने रेक्टरांना सूर्यास्ताचे विचारले. मेस साडेसातला सुरू होत होती. जुलैत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात तर सहाच्याही आधी. रेक्टर म्हणाल्या, "हे मला नका विचारू. मेसचं मुलीच पाहतात. त्यांना विचार."

तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "तू जैन आहेस का? मागच्या वर्षी एक ताई होती. चातुर्मासात तिचं ताट साडेपाचला काढून ठेवायचो. हिवाळ्यात प्रॅक्टिकल लांबलं, तर तिची पार्टनर डबा कॉलेजात नेऊन द्यायची." दुसरी हसून म्हणाली, "रमजानमध्ये माझ्या सेहरीला तीच उठवायची मला. तिचा गजर माझ्याहून आधी वाजायचा." बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी काय, या प्रश्नावर उत्तर आले, "उसळ असतेच. नसली तर आदल्या दिवशी सांगायचं. भांडायचं नाही, सांगायचं."

मुलीने वहीत काही लिहिले नाही. वडिलांकडे पाहिले, एवढेच.

घरी आईचे समाधान पुरते झाले नाही. ज्या स्वयंपाकघरात कांदा चिरला जातो, तिथे नियम टिकेल का, ही तिची शंका खोटी नव्हती. आणि कोणीही ती खोटी ठरवली नाही. समाजाच्या वसतिगृहात राहिली असती, तर हा ताण आलाच नसता, हेही खरे. ज्या मुलाला घराबाहेर पडताना आधाराची अधिक गरज असते, त्याच्यासाठी तीच निवड योग्य ठरते. पण इथे मुलगी स्वतः म्हणाली, "आई, इथं घरी नियम तू पाळून घेतेस. तिथं तो माझा होईल. मोडला तर मीच सांगेन तुला." आबाजींनी पानाचा डबा बंद केला आणि ते म्हणाले, "पोरीनं पंगत पाह्यली. आता आपन कायले खोली पाहाची?"

आषाढात, चातुर्मासाला चारच दिवस उरले असताना, वडील तिला वसतिगृहात सोडून आले. साधू-साध्वी आठ महिने विहार करतात आणि चार महिने एका गावी थांबतात. त्या थांबण्यात जीवदया असते आणि स्वाध्यायही असतो. थांबलेल्या साधूला गाव आपले मानते आणि गावाला साधू. पहिले वर्ष हाही विद्यार्थ्याचा असाच एक वर्षावास असतो. पुढे नोकरी, शहरे, देश यांचा विहार आहेच. त्याआधी एका ठिकाणी, काही माणसांबरोबर, एका वेळापत्रकात थांबणे घडले, तर पुढची वाट सोसते.

त्या संध्याकाळी मूर्तिजापूरच्या घरात दिवेलागणीच्या आत जेवणे उरकली. सव्वासातला फोन वाजला. आईने पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का गं?"

"हो, सहाला."

"एकटीच?"

"नाही. माझ्यासाठी आणखी दोघी लवकर बसल्या. एक दर्यापूरची, एक अचलपूरची. त्या जैन नाहीत. म्हणाल्या, पहिल्या दिवशी एकटीनं जेवायचं नाही."

आईने फोन आबाजींच्या हाती दिला. पण त्यांना विचारण्यासारखे काही उरले नव्हते.